पब्लिक कंपनी आणि लिस्टेड कंपनी: सीआयएनवरून फरक कसा ओळखावा

कंपनीच्या नावात ‘प्रायव्हेट’ नसून नुसते ‘लिमिटेड’ असले, की तिचे शेअर बाजारात मिळत असतील असे अनेकजण गृहीत धरतात. पब्लिक असणे ही कंपनी कायदा, २०१३ नुसार ठरणारी बाब आहे: पब्लिक कंपनीला किमान ७ सभासद आणि ३ संचालक लागतात, तर प्रायव्हेट कंपनीला २ सभासद पुरतात, मात्र तिच्या सभासदांची संख्या (आजी-माजी कर्मचारी-भागधारक वगळून) २०० च्या वर जाऊ शकत नाही, शेअर हस्तांतरणावर बंधन असते आणि जनतेकडून भांडवल मागता येत नाही. लिस्टिंग ही त्यापुढची, शेअर बाजाराशी होणाऱ्या कराराची पायरी आहे, आणि ती न चढलेल्या पब्लिक कंपन्या भरपूर आहेत.

दोन्ही गोष्टी कंपनीच्या २१ अक्षरांकी ओळख क्रमांकात, म्हणजे सीआयएनमध्ये, वेगवेगळ्या जागी लिहिलेल्या असतात. पहिले अक्षर ‘एल’ असेल तर कंपनी लिस्टेड, ‘यू’ असेल तर अनलिस्टेड. स्थापनेच्या वर्षानंतर येणारी ‘पीएलसी’ किंवा ‘पीटीसी’ ही अक्षरे ती पब्लिक की प्रायव्हेट हे सांगतात. टाटा सन्स २०१८ मध्ये पब्लिकची प्रायव्हेट झाली, तेव्हा तिच्या क्रमांकातले ‘पीएलसी’ जाऊन ‘पीटीसी’ आले. पहिले ‘यू’ मात्र जसेच्या तसे राहिले, कारण ती आधीही लिस्टेड नव्हती.

माहिती शोधणाऱ्याच्या दृष्टीने पहिले अक्षर जास्त मोलाचे आहे. लिस्टेड कंपनीला सेबीच्या नियमांनुसार तिमाही निकाल ४५ दिवसांत आणि वार्षिक निकाल ६० दिवसांत जाहीर करावे लागतात, व ते शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य वाचता येतात. अनलिस्टेड कंपनी, मग ती पब्लिक असली तरी, कंपनी निबंधकाकडे वर्षातून एकदा ताळेबंद सादर करते, आणि तो पाहायला कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शुल्क भरावे लागते.

पहिल्या अक्षरानंतरचे पाच अंक उद्योगाचा संकेतांक दाखवतात, आणि माझ्या मते सीआयएनमधला सर्वांत कमी विश्वासाचा भाग हाच आहे. बजाज ऑटोचा क्रमांक पाहा: एल६५९९३पीएन२००७पीएलसी१३००७६. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाच्या २००४ च्या यादीत ६५ हा विभाग विमा व पेन्शन वगळता इतर वित्तीय व्यवसायांचा आहे. तोच अंक २००८ च्या यादीत लावला तर विमा आणि पेन्शन निघते. मोटरसायकल निर्मिती २००८ च्या यादीत ३०९१ या वर्गात येते, म्हणजे दोन्हीपैकी कोणत्याही यादीने ही कंपनी दुचाकी बनवते हे कळत नाही. २००७ मध्ये मूळ बजाज ऑटोचे विभाजन होताना ही कंपनी बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट या नावाने स्थापन झाली आणि पुढे वाहन व्यवसायासह बजाज ऑटो हे नाव तिच्याकडे आले. संकेतांक मात्र गुंतवणुकीच्या काळातला राहिला.

त्यामुळे स्पर्धक कंपन्यांची यादी केवळ सीआयएनमधील पाच अंकांवरून काढली, तर बजाज ऑटो वित्तीय कंपन्यांत जाऊन बसेल आणि दुचाकींच्या यादीतून गळेल. खरा व्यवसाय पाहायचा तर वार्षिक विवरणपत्र उघडावे. त्यात प्रत्येक मुख्य व्यवसायासमोर एकूण उलाढालीतला त्याचा टक्का दिलेला असतो.