पायाळूचा पाय आणि कळशीचा फास

मागच्या पावसात आमच्या वाड्यावरच्या एका काकूंना विहिरीवर कळशी उचलताना कमरेत उसण भरली. धड उठता येईना, बसता येईना. दुसऱ्या दिवशी घरच्यांनी एक पायाळू मुलगा शोधून आणला. पायाकडून जन्मलेल्याने कमरेला पाय लावला की उसण उतरते, असा समज गोव्यात आणि सगळ्या कोकणपट्टीत आहे. जमलेल्या बायका म्हणत होत्या, "हाड सरकलंय गो तिचं." मला सांगायचंय ते त्या हाडाबद्दल.

ओटीपोटाला वेढून हाडांचं एक कडं असतं, ती श्रोणी. डावं-उजवं अशी दोन मोठी हाडं. लहानपणी प्रत्येकाचे तीन तुकडे असतात, ते वयात येताना खुब्याच्या उखळीत एकजीव होतात. पुढे दोघांच्या मधे कूर्चेची गादी. मागे, दोघांच्या बेचक्यात, पाच मणके जुळून झालेली पाचर: त्रिकास्थी. तिच्या टोकाला माकडहाड.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात डोक्यावर मासळीची पाटी घेऊन ताठ चालणारी बाई आठवा. पाटीचा आणि धडाचा सगळा भार कण्यातून या पाचरीवर येतो आणि तिथून दोन वाटांनी मांड्यांत उतरतो. चिऱ्यांच्या कमानीत माथ्यावरचा दगड बसवतात तशीच ही पाचर बसली आहे, असं वाटेल. वरून खाली ती निमुळती आहे हे खरं. पण ती पुढून रुंद आणि मागून अरुंद आहे, म्हणजे पुढच्या बाजूला निसटायला मोकळी! मग निसटत का नाही?

कारण ती नुसती बसलेली नाही, टांगलेली आहे. मागच्या बाजूने दोन्ही हाडांना तिला बांधणारे अस्थिबंध शरीरातल्या सर्वांत मजबूत बंधांपैकी आहेत. भार आला की पाचर खाली-पुढे जाऊ पाहते, बंध ताणले जातात आणि दोन्ही हाडांना आत ओढतात. हाडं पाचरीला चिमटीत धरतात. कळशीच्या गळ्यातला फास पाहा: कळशी भरली की तो जास्तच आवळतो. अगदी तसंच. भार जितका जास्त, तितकी पकड घट्ट.

दुसरी मौज अशी की भाराची रेषा पाचर आणि बाजूची हाडं जुळतात त्या सांध्याच्या पुढून जाते. त्यामुळे पाचरीचा माथा पुढे झुकतो आणि शेपूट मागे वर उचलू पाहतं. या हालचालीचं शास्त्रीय नाव ज्या लॅटिन शब्दावरून आलं, त्याचा अर्थच मान डोलावणं. शेपटाला खाली धरायला बैठकीच्या हाडापर्यंत गेलेला वेगळा बंध आहे. शिवाय सांध्याचे कानाच्या आकाराचे पृष्ठभाग वयात आल्यावर खडबडीत होतात, उंचवटे खळग्यांत बसतात. एवढ्या बंदोबस्तात हालचाल उरते ती दोन-चार अंशांची, एक-दोन मिलिमीटरची. गरोदरपणात बंध थोडे सैलावतात, बाळाला वाट हवी म्हणून.

असा सांधा कळशी उचलताना निखळत नाही. त्याला वाहनाच्या अपघातासारखा दणका लागतो. उसण बहुधा स्नायूंची किंवा बंधांची असते, कधी मणक्यामधल्या चकतीची, आणि बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप ओसरते. श्रेय मात्र पायाला जातं. म्हातारपणी ठिसूळ झालेल्या मणक्यावर असा पाय दाबला तर मणका मोडू शकतो, म्हणून हा प्रकार मला निरुपद्रवी वाटत नाही. पाय बधिर झाले, लघवी अडली किंवा तिच्यावर ताबा राहिला नाही, तर तडक इस्पितळ गाठा.

आणि पायाळूचं म्हणाल, तर कंबर तपासायला हवी ती त्याचीच. पूर्ण दिवसांच्या शंभरात तीन-चार बाळं गर्भात डोकं वर, कुल्ले खाली अशी असतात; पायाळू त्यांतलेच. अशा बाळांत खुब्याची उखळ उथळ राहण्याचा धोका जास्त असतो, मुलींमध्ये विशेष. सहा आठवड्यांच्या सुमारास सोनोग्राफीत ते दिसतं. तेव्हाच कळलं तर मऊ पट्ट्यांनी मांड्या फाकवून ठेवल्या की मांडीच्या हाडाचा गोळा उखळीत नीट बसतो आणि उखळ त्याच्याभोवती खोल होत जाते. मूल चालायला लागल्यावर लंगडताना दिसलं, तर पुष्कळदा शस्त्रक्रियाच करावी लागते.