दीनदयाळ कार्ड आणि आभा कार्ड: एक बिलासाठी, दुसरं रिपोर्टसाठी

मागच्या पावसात मावशीच्या पोटात दुखायला लागलं म्हणून तिला डिचोलीहून म्हापशाला एका खासगी हॉस्पिटलात नेलं, काउंटरवर मावसभावाने दोन कार्डं पुढे केली, एक दीनदयाळचं आणि एक आभाचं, आणि मला म्हणाला, आता ह्यांना सगळं दिसेल, फाइलींची पिशवी घरी राहिली म्हणून काही अडत नाही. दिसलं काहीच नाही. डॉक्टरांना शिरेतून डाय देऊन सीटी स्कॅन करायचा होता, तो डाय कमजोर किडनीला त्रास देऊ शकतो म्हणून त्यांनी विचारलं किडनी कशी आहे, शेवटचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, किती होतं, आणि आम्ही दोघं नुसते उभे.

हा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे म्हणून नीट लिहितोय.

दीनदयाळ म्हणजे गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना, २०१६ पासूनची. गोव्यात ५ वर्षं किंवा जास्त राहिलेल्या कुटुंबासाठी आहे, घरात तिघंजण किंवा कमी असतील तर वर्षाला २.५ लाखांपर्यंत, चार किंवा जास्त असतील तर ४ लाखांपर्यंत. हॉस्पिटल यादीतलं हवं, उपचारही यादीतले हवेत, मग बिल परस्पर भागतं. पैसे कोण भरणार एवढाच ह्या कार्डाचा प्रश्न, तुम्हाला कुठल्या गोळीची ॲलर्जी आहे हे ते पुढच्या डॉक्टरला सांगत नाही.

आभा म्हणजे आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट, १४ आकडी नंबर, आणि तो दाखवून बिल एक रुपयानेही कमी होत नाही. नावात आयुष्मान असल्यामुळे लोकांना वाटतं हे ५ लाखांवालं कार्ड, ती केंद्राची विमा योजना वेगळी, २०१८ मध्ये सुरू झालेली, आभा ज्याचा भाग आहे ते डिजिटल मिशन देशभर सुरू झालं सप्टेंबर २०२१ मध्ये. दोन्ही चालवते नॅशनल हेल्थ ऑथॉरिटीच, मग गोंधळ होणार नाही तर काय.

आता खरा मुद्दा. आभा काढलं की आपले रिपोर्ट दिल्लीत कुठल्यातरी कॉम्प्युटरवर जाऊन पडतात असं बऱ्याच जणांना वाटतं, कुणी त्या भीतीने काढत नाही, कुणी त्याच भरवशावर निर्धास्त राहतो. तसं काही होत नाही. लॅबचा रिपोर्ट लॅबकडेच राहतो, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड हॉस्पिटलकडेच, आभा नंबर म्हणजे ते ओवायचा धागा. पण ओवायला तर पाहिजे ना! लॅबची सिस्टिम त्या मिशनला जोडलेली हवी, आणि रक्त देताना आपण नंबर देऊन तो रिपोर्ट लिंक करून घ्यायला हवा. मावशीचा नंबर लसीच्या वेळी कोविनवरून निघाला होता, त्यानंतर कुणी हात लावला नाही, म्हणजे धागा होता आणि मणी एकही नव्हता.

लिंक असतं तरी डॉक्टरांना आपोआप दिसलं नसतं, हेही महत्त्वाचं आहे. हॉस्पिटल विनंती पाठवतं, ती आपल्या फोनवर आभाच्या ॲपमध्ये येते, कोण मागतंय, कशासाठी, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतचे कागद, फक्त लॅब रिपोर्ट की प्रिस्क्रिप्शनही, आणि ही परवानगी कधी संपणार, सगळं त्यात लिहिलेलं असतं. आपण नाही म्हणू शकतो, नंतर परवानगी काढूनही घेऊ शकतो. हे मला मनापासून आवडलं, कारण बाईच्या प्रसूतीचे किंवा कुणाच्या मानसिक आजाराचे कागद हाडांच्या डॉक्टरला दाखवायची काहीच गरज नसते. फक्त म्हाताऱ्या माणसांचे फोन मुलांच्या हातात असतात, तेव्हा ओके दाबण्याआधी त्यांना विचारा, परवानगी त्यांची आहे.

आणि एवढा खटाटोप कशाला, तर त्या क्रिएटिनिनसाठी. शेवटी मावसबहिणीच्या व्हॉट्सॲपमध्ये जुन्या रिपोर्टचा फोटो सापडला, २.१. छापील नॉर्मल रेंजच्या हिशेबाने हा आकडा जास्तच, पण डॉक्टर म्हणाले, मला ह्याच्या आधीचे पाहिजेत. तीन वर्षं २ च्या आसपासच असेल तर तो जुना, माहितीतला आजार, आणि दोन महिन्यांपूर्वी १.१ असेल तर आत्ता काहीतरी बिघडतंय, आकडा तोच असला तरी दोन्ही वेळा उपचार वेगळे. पेशंटप्रमाणे उपचार म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. त्यांनी डाय न देता साधा सीटी केला, दुखण्याचं इंजेक्शन बदललं.

आता मावशी रक्त द्यायला गेली की आधी आभा नंबर सांगते, मग बाही वर करते. गावातले डॉक्टर अजून कागदावरच लिहून देतात, त्यांचे कागद मी फोटो काढून ॲपमध्ये चढवतोय, २०१९ पर्यंत मागे पोचलोय, पिशवी अजून अर्धी बाकी आहे.