मनोबल खचले की सराव कमी पडला?

गनिमांकडून मार खाल्लेल्या तुकडीबद्दल 'जवानांचे मनोबल खचले होते' असे निदान चटकन केले जाते. पुष्कळदा मनोबल शाबूत असते, सराव कमी पडलेला असतो. पराभव वरून सारखाच दिसतो. उपाय मात्र वेगळे.

११-१२ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री श्रीलंकेतल्या जाफना विद्यापीठाच्या मैदानावर भारताच्या १३ शीख लाइट इन्फंट्रीचे ३० जवान हेलिकॉप्टरमधून उतरले. तमिळ बंडखोरांच्या एलटीटीई संघटनेने रेडिओ संदेश आधीच ऐकले होते. कुमक उतरू शकली नाही. २९ जण मारले गेले, एक पकडला गेला. इथे मनोबलाला बोल लावणे अन्यायाचे. चूक संदेशांची गुप्तता आणि शत्रूच्या बळाचा अंदाज यांत होती.

इराकमधल्या मोसुलमध्ये जून २०१४ ला नेमके उलटे घडले. अमेरिकेने शिकवलेली, शस्त्रसज्ज इराकी फौज चालून आलेल्या आयसिसच्या अतिरेक्यांपेक्षा संख्येनेही कितीतरी मोठी होती. वरिष्ठ अधिकारी निघून गेल्याचे कळताच ठाणी ओस पडली. त्याच वर्षाअखेर सरकारला ५०,००० 'भुताटकी सैनिक' सापडले: पगार निघतो, माणूसच नाही. अशा फौजेला आणखी नेमबाजी शिकवून काय साधणार?

फरक ओळखायचा तर गस्त पाहावी. सराव कमी असेल तर जवान घोळक्याने चालतात, गेल्या वाटेनेच परततात, पहिल्या आवाजाला मॅगझिन रिकामे करतात. मनोबल गेले असेल तर गस्त ठाण्याजवळच झाडाखाली बसते आणि अहवालात पूर्ण फेरी लिहिते. दुसरे पकडणे अवघड, कारण कागद चोख असतो.

सरावाचा इलाज घोटून घेण्यात आहे. थांबल्यावर पेरलेली स्फोटके शोधत आधी पायाभोवतीचे ५ मीटर तपासायचे, मग २५. दबा धरलेल्या शत्रूने अगदी जवळून हल्ला केला तर त्याच दिशेने गोळीबार करीत धडक द्यायची. मारक्षेत्रात आडवे पडून राहणे हेच शत्रूला हवे असते. अंधारात, दमल्यावर हे आपोआप व्हायला हवे. मनोबलाला मात्र वेळेवर पगार, ठरलेली रजा, जखमीला लगेच उचलण्याची खात्री आणि गस्तीत सोबत चालणारा अधिकारी लागतो. भाषणांनी भागत नाही.

सुरुंगांपाशी दोन्ही एकमेकांत गुंततात. साथीदार जातात, शत्रू दिसत नाही, राग गावकऱ्यांवर निघतो. १६ मार्च १९६८ ला व्हिएतनाममधल्या माय लायमध्ये गावकऱ्यांची कत्तल करणाऱ्या अमेरिकी कंपनीने आधीच्या आठवड्यांत असेच जवान गमावले होते. हे त्या गुन्ह्याचे समर्थन नव्हे. पण सुरुंग कुठे पेरलाय हे ज्याला ठाऊक असते, त्या गावकऱ्याचे तोंड अशा कृत्याने कायमचे बंद होते.