हिंगोलीतली लायगो आणि अंतराळातली लिसा

नागपुरात गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांचा, विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: या लहरी टिपणारी लिसा थेट अंतराळात जाणार आहे, मग इकडे यवतमाळ-पुसद ओलांडून हिंगोलीत लायगो वेधशाळेवर २६०० कोटी कशाला घालायचे? लिसा म्हणजे लायगोचीच मोठी आवृत्ती, असं यामागे गृहीत असतं. नावं सारखी, दोन्हींत लेझर, दोन्हींत अंतरातला अतिसूक्ष्म बदल मोजायचा. गोंधळ होणारच. पण एकीचं काम दुसरीला जमत नाही.

औंढा नागनाथजवळच्या लायगो इंडियाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मंजुरी दिली. रचना अमेरिकेतल्या दोन वेधशाळांसारखीच: काटकोनात ४-४ किलोमीटरचे दोन बाहू, आत निर्वात नळ्या, टांगलेले ४० किलोचे आरसे. अशा वेधशाळेला साधारण १० हर्ट्झच्या वरच्या, म्हणजे सेकंदाला दहापेक्षा जास्त कंपनांच्या लहरी पकडता येतात. १४ सप्टेंबर २०१५ ला सापडलेली पहिली लहर जेमतेम ०.२ सेकंद टिकली.

त्याखालच्या लहरींचं काय? इथे पैसा नाही, जमीनच आडवी येते. हादरे आरशापर्यंत पोहोचू नयेत म्हणून तो कितीही हुशारीने टांगला, तरी जमीन हलली की खालच्या माती-खडकाची घनता किंचित बदलते आणि त्यांची आरशावरची ओढही. गुरुत्वाकर्षण अडवणारी भिंत कुणाला बांधता येत नाही. बातम्यांत लिसाच्या लांबीचंच कौतुक जास्त होतं. जमीन सोडण्याचं हे कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं.

लिसा युरोपीय अंतराळ संस्थेची. जानेवारी २०२४ मध्ये मंजूर झाली, उड्डाण २०३५ च्या सुमारास. तीन यानांचा त्रिकोण, बाजू २५ लाख किलोमीटरची, म्हणजे चंद्राच्या अंतराच्या साडेसहा पट. एवढ्या अंतरात लेझर इतका पसरतो की आरशावरून परतवण्यात अर्थ नाही. पलीकडचं यान आलेल्या प्रकाशाशी जुळवून नवा किरण सोडतं. प्रत्येक यानात सोनं-प्लॅटिनमचे दोन ठोकळे कशालाही न टेकता तरंगतात; अंतर मोजायचं ते या ठोकळ्यांमधलं. हे जमतं, हे २०१६ मध्ये लिसा पाथफाइंडर या चाचणी यानाने दाखवलं.

मूलभूत भौतिकीची खरी मेजवानी इथे आहे. लिसाची एक लहर पुरी व्हायला सेकंदांपासून तासांपर्यंत वेळ लागतो. लाखो सूर्यांएवढ्या कृष्णविवरात छोटं कृष्णविवर पडण्याआधी त्याभोवती लाखभर फेऱ्या मारतं, आणि त्या फेऱ्यांतून तिथल्या अवकाश-काळाचा नकाशा मिळतो. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार तो फक्त वस्तुमान आणि फिरकीवरून ठरायला हवा. नकाशा जुळला नाही, तर सिद्धांतच तपासावा लागेल.

दुसरी शक्यता आणखी मागची. विश्व सेकंदाच्या सुमारे लाख-कोटीव्या भागाएवढ्या वयाचं असताना हिग्ज क्षेत्राने, म्हणजे मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या क्षेत्राने, रूप बदललं. मूलकणांच्या आजच्या प्रमाणित प्रतिकृतीनुसार (स्टँडर्ड मॉडेल) तो बदल शांतपणे झाला. उकळल्यासारखा झाला असेल, तर त्याच्या लहरी आज लिसाच्या पट्ट्यात असू शकतात. त्या दिसल्या तर नवं भौतिकी आलंच.

न्यूट्रॉन ताऱ्यांची शेवटची टक्कर मात्र लिसाच्या आवाक्याबाहेर. १७ ऑगस्ट २०१७ ला अशा टकरीच्या लहरींनंतर १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले. गुरुत्व आणि प्रकाश एकाच वेगाने धावतात, हे त्यावरून कळलं. अशा स्रोताची आकाशातली जागा नेमकी सांगायला अमेरिकेपासून दूरची वेधशाळा लागते. हिंगोली तिथे कामाची.

आणि नशीब असेल, तर २०१५ सारखी कृष्णविवरांची एखादी जोडी टकरीच्या काही वर्षं आधीच लिसाला ऐकू येईल. टक्कर कधी, हे लिसा सांगेल. ती पकडायला हिंगोलीची यंत्रं त्या दिवशी सुरू असायला हवीत.