क्वार्टर, प्लॉट आणि द्राक्षपट्ट्यातलं घर

आमच्या भुसावळच्या कॉलनीत संध्याकाळी बाकावर हल्ली एकच विषय निघतो. इथलं घर विकून नाशिककडच्या द्राक्षपट्ट्यात, निवृत्तांसाठी बांधलेल्या एखाद्या वसाहतीत जावं का? विचारणारे सगळे पासष्टीच्या पुढचे. मुलं पुण्यात नाहीतर परदेशात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा दुपारभर कूलरसमोर दोनच माणसं. तिकडे हवा बरी, गाव शांत, जेवणाखाण्याची आणि डॉक्टरची सोय आवारातच. त्यांना हा मोह का पडतो ते समजायला जरा मागे जावं लागतं.

नोकरीसोबत मिळणारं घर आमच्याकडे रेल्वेने आणलं. १८६० च्या दशकात जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे भुसावळला पोचली आणि तिच्याभोवती क्वार्टर्स उभ्या राहिल्या. पुढे ऑर्डनन्स फॅक्टरी आली, दीपनगरचं वीजकेंद्र आलं. घर मात्र कायम नोकरीचं राहिलं, माणसाचं झालं नाही. माझे वडील रेल्वेत होते. क्वार्टरच्या दारात त्यांनी लावलेला कडुनिंब छपराच्या वर गेला होता. रिटायर झाल्यावर चावी जमा करायच्या दिवशी आईने आधी त्या झाडाला बादलीभर पाणी घातलं, मग टेम्पोत बसली.

म्हणूनच ग्रॅच्युइटी हातात पडली की पहिलं काम प्लॉटचं. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोकरदारांनी गृहनिर्माण संस्था काढल्या, शेतांचे बिनशेती लेआउट पडले. धुळ्यात पांझरेपलीकडचं देवपूर, जळगावात महाबळ अशा वस्त्या वाढल्या. शिक्षक, तलाठी, रेल्वेवाले शेजारी-शेजारी आले. मधे खुली जागा, तिथे मारुतीचं देऊळ, सिमेंटचे बाक. निवृत्तांची वसाहत असं तिला कोणी म्हटलं नाही, पण ती तीच होती. एक मजला बांधायचा आणि गच्चीवर कॉलमच्या सळया उघड्या सोडायच्या, मुलाचं लग्न झालं की वरचा मजला चढवायला. आमच्या गल्लीत त्या सळया आजही तशाच आहेत, गंजलेल्या. काहींवर प्लास्टिकच्या बाटल्या उपड्या घातल्यात, कपडे वाळत घालताना कोणाला लागू नये म्हणून. वरचा मजला चढलाच नाही, आणि सगळा प्रश्न तिथून सुरू होतो. शिवाय १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्या बहुतेकांना जुनी पेन्शन नाही. पुढच्या पिढीच्या हाती हा प्लॉटचा मार्ग किती राहील याची मला काळजी वाटते.

फक्त वयस्कांसाठी आखलेल्या गावाची कल्पना जगभर गाजली ती अमेरिकेतल्या ॲरिझोनात, १ जानेवारी १९६० ला सुरू झालेल्या सन सिटीमुळे. वाइनच्या गावाशी तिची सांगड मात्र दक्षिण आफ्रिकेत छान दिसते. केप टाउनजवळच्या फ्रान्सहूक खोऱ्यात १६८८ पासून फ्रान्समधून परागंदा झालेले ह्युगेनो, म्हणजे तिथले प्रोटेस्टंट, येऊन वसले, त्यांनी द्राक्षवेली लावल्या. आज तो भाग पर्यटकांचा आणि निवृत्तांचाही आवडता. तिकडच्या अशा वसाहतींत ‘लाइफ राइट’ नावाची पद्धत आहे. एकरकमी पैसे भरायचे आणि नवरा-बायकोने हयातभर राहायचं. घर आपल्या नावावर होत नाही. दोघांच्या माघारी ते दुसऱ्याला दिलं जातं आणि कराराप्रमाणे ठरलेला वाटा वारसांना मिळतो. यासाठी तिथे १९८८ पासून स्वतंत्र कायदा आहे. मला हे वाचताना क्वार्टरच आठवलं, फरक इतकाच की तिथे आयुष्याची पुंजी आधी ओतायची असते. त्यात वाईट काही नाही, पण घर विकण्याआधी करार ओळ न् ओळ वाचायलाच हवा.

आपल्याकडे वाइनला बळ मिळालं ते २००१ च्या राज्याच्या द्राक्षप्रक्रिया धोरणाने. नाशिक आणि दिंडोरीकडे वायनऱ्या उभ्या राहिल्या. आम्हाला जवळचं वाटतं ते सटाण्याकडचं बागलाण. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा होईपर्यंत बागलाण खानदेशातच होतं, बोलीही आपलीच. तिथली द्राक्षं वाइनची नव्हेत, खाण्याची. डाळिंबावर तेल्या रोग पडला तसे कित्येकांनी बागा काढून अर्ली, म्हणजे हंगामाआधी येणारी, द्राक्षं धरली.

कायदाही हळूहळू आला. २००७ चा पालक आणि ज्येष्ठांच्या पालनपोषणाचा कायदा, २०१९ मध्ये केंद्राची निवृत्तांच्या घरांसाठीची आदर्श मार्गदर्शक तत्त्वं, २०२४ मध्ये महारेराचे, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचे, नियम. व्हीलचेअर जाईल असे दरवाजे, न्हाणीघरात धरायला दांडे, लिफ्ट. आता बिल्डरला या गोष्टी नेमकेपणाने विचारता येतात.

परवा बाकावर हे सगळं सांगून झालं. शेजारच्या जिजी शेवटपर्यंत ऐकत होत्या. आमच्या खानदेशात श्रावणात घरी कानबाई ही देवी बसवतात आणि भाऊबंद जमून रोटांचा प्रसाद खातात. त्यांनी एवढंच विचारलं, “श्रावणात कानबाई कुठे बसवायची, भाऊ? रोट खायला भाऊबंद तिकडे येतील का?”