द क्विक अँड द डेड

द क्विक अँड द डेड : (१९९५). सॅम रेमी यांनी दिग्दर्शित केलेला अमेरिकन वेस्टर्न (एकोणिसाव्या शतकातील पश्चिम अमेरिकेत घडणाऱ्या बंदूकधाऱ्यांच्या कथांच्या प्रकारातला) चित्रपट. पटकथा सायमन मूर यांची असून शॅरन स्टोन, जीन हॅकमन, रसेल क्रो आणि लिओनार्डो डिकॅप्रिओ यांच्या प्रमुख भूमिका आहेत. वडिलांच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी एक स्त्री द्वंद्वस्पर्धेत उतरते, एवढेच त्याचे कथाबीज आहे. हाताळणी मात्र जाणूनबुजून अतिरंजित आणि शैलीप्रधान आहे. याच नावाचा १९८७ सालचा दूरचित्रपट लुई लामूर यांच्या कादंबरीवर आधारलेला असून त्याचा प्रस्तुत चित्रपटाशी काही संबंध नाही.

कथानक : कथेचा काळ १८८१ हा आहे. ‘रिडेम्प्शन’ नावाच्या काल्पनिक गावात जॉन हेरॉड (हॅकमन) हा एके काळचा दरोडेखोर नगराध्यक्ष बनून बसला आहे. तेथे भरणाऱ्या बाद फेरीच्या द्वंद्वस्पर्धेत नाव नोंदवायला घोड्यावरून एक अनोळखी स्त्री येते. सगळे तिला ‘लेडी’ म्हणतात. एलन हे तिचे नाव प्रेक्षकाला बऱ्याच उशिरा कळते. स्पर्धकांत हेरॉडच्या टोळीतून बाहेर पडून धर्मोपदेशक झालेला कॉर्ट (क्रो) आहे. बंदूक न उचलण्याचे व्रत घेतलेल्या या माणसाला साखळदंडांनी बांधून आणले जाते आणि त्याने वाट काढून पळू नये म्हणून त्याच्या हाती एका वेळी एकच काडतूस दिले जाते. स्वतःला हेरॉडचा मुलगा म्हणवणारा, बंदुकांचे दुकान चालवणारा तरुण ‘किड’ (डिकॅप्रिओ) हाही रिंगणात आहे. गावकऱ्यांनी हेरॉडला संपवण्यासाठी पैसे जमवून बोलावलेला एक भाडोत्री मारेकरीही स्पर्धेत उतरलेला असतो. सुरुवातीला प्रतिस्पर्ध्याला शरण जाण्याची मुभा असते. पुढे हेरॉड नियम बदलतो आणि लढत मरेपर्यंतची होते.

पूर्वस्मृतींच्या तुकड्यांतून एलनचे रहस्य उलगडत जाते. तिचे वडील या गावचे मार्शल (कायदा-सुव्यवस्था राखणारे अधिकारी) होते. हेरॉडच्या टोळीने त्यांच्या गळ्यात फास अडकवून लहानग्या एलनच्या हाती पिस्तूल दिले आणि दोर गोळीने तोडलास तर बाप वाचेल, असे सांगितले. तिचा नेम चुकला आणि गोळी वडिलांनाच लागली. या एका तपशिलामुळे चित्रपट नेहमीच्या सूडकथेपेक्षा वेगळा होतो. एलनला हेरॉडचा हिशोब चुकता करायचा आहेच, पण तिला खरे भय वाटते ते स्वतःच्या हाताचे. हेरॉडच्या घरी त्याच्यासमोर जेवायला बसलेली असताना संधी असूनही तिचा धीर होत नाही, या प्रसंगाला काही समीक्षकांनी पटकथेतील दुबळेपणा ठरवले. पूर्वकथा लक्षात घेता हा आक्षेप फारसा टिकत नाही.

उगम आणि ऋणे : चित्रपटाचा वंश कोणता, याविषयी मतभिन्नता आहे. मूर हे ब्रिटिश लेखक असून त्याआधी ‘ट्रॅफिक’ (१९८९) या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेमुळे ते ओळखले जात. प्रस्तुत पटकथा त्यांनी बहुधा १९९२ च्या सुमारास, इटालियन दिग्दर्शकांनी साठच्या दशकात रूढ केलेल्या ‘स्पॅगेटी वेस्टर्न’ला आदरांजली म्हणून लिहिली. त्यांपैकी प्रमुख दिग्दर्शक सेर्जो लिओने यांच्या चित्रपटांशी असलेले साम्य त्यामुळे योगायोगाचे मानता येत नाही. ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’ (१९६५) मध्ये खिशातल्या घड्याळाच्या सुरावर द्वंद्व होते आणि त्या घड्याळामागे बहिणीच्या मृत्यूची आठवण असते. ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८) मध्ये गळ्यात फास असलेल्या मोठ्या भावाला खांद्यावर तोलून धरायला एका मुलाला भाग पाडले जाते, तोंडात माउथ ऑर्गन कोंबला जातो आणि मुलाचे पाय लटपटले की भाऊ मरतो. आप्ताच्या फाशीत मुलालाच हत्यार बनवण्याची ही क्रूर कल्पना एलनच्या पूर्वकथेत जवळजवळ जशीच्या तशी आली आहे. पूर्वस्मृतीचे तुकडे थोडेथोडे दाखवत नेण्याची रीतही तीच. लिओने यांच्या त्या चित्रपटाच्या आरंभी स्टेशनवर वाट पाहणाऱ्या तिघा बंदूकधाऱ्यांपैकी एकाची भूमिका वुडी स्ट्रोड यांनी केली होती. रेमी यांच्या चित्रपटातील छोटी भूमिका ही त्यांची अखेरची ठरली. ३१ डिसेंबर १९९४ रोजी त्यांचे निधन झाले आणि चित्रपट त्यांना अर्पण करण्यात आला. मराठी प्रेक्षकालाही ही परंपरा परकी नाही, कारण ‘शोले’ (१९७५) मधील ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्याकांडाचा प्रसंग लिओने यांच्या याच चित्रपटावरून सुचला, हे सर्वसाधारणपणे मान्य आहे.

दुसरे मत असे की, सूडासाठी बंदूक शिकणाऱ्या स्त्रीचे मूळ ‘हॅनी कॉल्डर’ (१९७१) या बर्ट केनेडी दिग्दर्शित ब्रिटिश चित्रपटात शोधावे. त्यात रॅकेल वेल्च यांनी साकारलेली विधवा नवऱ्याच्या मारेकऱ्यांचा माग काढते आणि एका व्यावसायिक बंदूकधाऱ्याकडून नेमबाजीचे धडे घेते. साम्य उघड आहे, पण हॅनी विद्या शिकत असते, तर एलन गावात येते तीच विद्या पक्की करून. त्याहून मागे गेल्यास निकोलस रे यांचा ‘जॉनी गिटार’ (१९५४) येतो, ज्यात अखेरचे द्वंद्व दोन स्त्रियांमध्ये होते, आणि ‘कॅट बलू’ (१९६५) येतो, ज्यात वडिलांच्या खुनाचा सूड घेऊ पाहणारी नायिका आधी बंदूकधारी भाड्याने घेते. या चित्रपटांना पूर्वसूरी म्हणणे योग्य, थेट स्रोत म्हणणे कठीण. बाद फेरीच्या स्पर्धेची चौकट मात्र यांपैकी कशातही नाही. ती सत्तरच्या दशकातील कुंग-फू चित्रपटांतून आली असावी, हा तर्क अधिक सयुक्तिक वाटतो. एकेक विक्षिप्त प्रतिस्पर्धी त्याच्या खास लकबीसह रिंगणात आणायचा आणि संपवायचा, ही त्या चित्रपटांची ठरलेली घडण आहे.

द्वंद्व आणि त्याची यंत्रणा : समोरासमोर उभे राहून पिस्तूल आधी कोण उपसतो, यावर निकाल ठरणारे द्वंद्व प्रत्यक्ष इतिहासात विरळाच आढळते. नोंदलेले प्रसिद्ध उदाहरण २१ जुलै १८६५ चे आहे. मिसुरी राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे ‘वाइल्ड बिल’ हिकॉक आणि डेव्हिस टट यांच्यात सु. ७५ यार्डांवरून गोळीबार झाला आणि टट ठार झाला. पण त्यातही महत्त्व चपळाईपेक्षा नेमाला होते. चित्रपटाच्याच काळातील, २६ ऑक्टोबर १८८१ ची ॲरिझोनातील टूमस्टोन येथील चकमक ही तर काही फुटांवरून अर्ध्या मिनिटात झालेली गर्दीतली हाणामारी होती. दुपारच्या रस्त्यावरील औपचारिक द्वंद्वाची प्रतिमा रूढ करण्यात ओवेन विस्टर यांच्या ‘द व्हर्जिनियन’ (१९०२) या कादंबरीचा वाटा मोठा मानला जातो.

चपळाईने पिस्तूल उपसण्याची पडद्यावरची कलाही बरीचशी विसाव्या शतकातली आहे. १८७३ पासून प्रचारात आलेले कोल्ट रिव्हॉल्व्हर ‘सिंगल ॲक्शन’ पद्धतीचे आहे. प्रत्येक गोळीआधी अंगठ्याने घोडा (काडतुसावर आघात करणारा मागचा खटका) मागे ओढावा लागतो. त्याबरोबर सिलिंडर (काडतुसांचे फिरते नळकांडे) फिरून पुढचे काडतूस नळीसमोर येते आणि मगच चाप ओढता येतो. घट्ट कातडी होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात) सिलिंडर फिरू शकत नसल्याने पिस्तूल पूर्ण बाहेर काढल्याशिवाय घोडा ओढणे शक्य नसे. पन्नाशीच्या दशकात आर्वो ओजाला यांनी कातड्याच्या आत धातूचे अस्तर असलेले होल्स्टर तयार केले. त्यामुळे पिस्तूल म्यानात असतानाच घोडा ओढता येऊ लागला आणि हॉलिवूडचे नायक अविश्वसनीय वेगाने गोळी झाडू लागले. प्रस्तुत चित्रपटाच्या कलाकारांना नेमबाज थेल रीड यांनी काही महिने तालीम दिली. पिस्तुले वापरलेली दिसावीत म्हणून त्यांनी ती पोहण्याच्या तलावातील क्लोरीनच्या पाण्यात बुडवून गंजू दिली, असे सांगितले जाते.

या चित्रपटाचा खरा वेगळेपणा गावच्या घड्याळात आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. वेस्टर्न परंपरेत सज्जन नायक खलनायकाला आधी पिस्तूल उपसू देतो. आत्मसंरक्षणाचा नैतिक आणि कायदेशीर आधार त्याला तिथूनच मिळतो. येथे टोला पडताच दोघांनीही गोळी झाडायची असते. आधी कोणी उपसले, हा प्रश्नच उरत नाही. त्याबरोबर तो आधारही जातो आणि जिंकणारा प्रत्येक जण मारेकरीच ठरतो, मग तो धर्मोपदेशक का असेना. प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांत पाहण्यापेक्षा घड्याळाकडे कान लावणे महत्त्वाचे ठरते. कॅमेराही म्हणूनच चेहऱ्यांइतकाच काट्यांवर रेंगाळतो. शेवटी एलन आणि कॉर्ट तिच्या मृत्यूचा बनाव रचतात आणि अंतिम लढतीच्या वेळी गावातील इमारतींसह घड्याळाचा मनोराच स्फोटात उडवून दिला जातो. मगच एलन धुरातून पुढे येते. ज्या नियमाच्या बळावर हेरॉड राज्य करत होता, तो नियम आधी मोडून मग त्याला मारण्याचा हा क्रम हेतुपूर्वक योजलेला दिसतो.

दृश्यशैली : रेमी ‘द इव्हिल डेड’ (१९८१) सारख्या भयपटांतून आलेले दिग्दर्शक होते आणि स्टोन यांनी सहनिर्मात्या या नात्याने त्यांची निवड आग्रहाने केली. छायाचित्रकार दान्ते स्पिनोत्ती यांच्यासह त्यांनी तिरपी चौकट, झपाट्याने पुढे झेपावणारी झूम भिंगे आणि कॅमेरा पुढे नेत असतानाच भिंगाने मागे सरकण्याची क्लृप्ती (जिने माणूस जागेवर राहतो आणि मागची पार्श्वभूमी ताणली जाते) यांचा मुक्त वापर केला. भाडोत्री मारेकऱ्याला गोळी लागते तेव्हा त्याच्या डोक्यातील भोकातून पलीकडचा उजेड दिसतो. हेरॉडच्या अंतकाळी तर तो आधी जमिनीवर पडलेली स्वतःची सावली पाहतो आणि त्या सावलीच्या मध्यभागी उन्हाचा कवडसा असतो. आपल्याला गोळी लागली आहे हे त्याला सावलीकडे पाहून कळते. अशी दृश्ये वास्तवाच्या कसोटीवर अर्थातच उतरत नाहीत. तांत्रिकदृष्ट्या एक फरक नोंदवण्याजोगा आहे. लिओने यांचे चित्रपट टेक्निस्कोप या रुंद चौकटीत चित्रित झाले आणि त्या रुंदीत एका टोकाला चेहरा, दुसऱ्या टोकाला क्षितिज अशी रचना साधता येई. रेमी यांनी १·८५ : १ ही तुलनेने उंच चौकट वापरली. परिणामी रिकाम्या माळरानापेक्षा गावातला रस्ता, खिडक्या आणि माणसांचे चेहरे यांनी पडदा भरलेला राहतो. संकलन पिएत्रो स्कालिया, कलादिग्दर्शन पॅट्रिझिया फॉन ब्रांडेनस्टाइन आणि संगीत ॲलन सिल्व्हेस्ट्री यांचे आहे.

चित्रीकरण १९९३ च्या अखेरीस सुरू होऊन १९९४ च्या आरंभी संपले. ते ॲरिझोनातील ओल्ड टूसॉन स्टुडिओ आणि त्याच राज्यातील मेस्कल येथील कायमस्वरूपी चित्रपटगावात झाले. प्रदर्शनानंतर काही आठवड्यांतच, एप्रिल १९९५ मध्ये, ओल्ड टूसॉनचा मोठा भाग आगीत भस्मसात झाला.

पात्रयोजना : हॅकमन यांना क्लिंट ईस्टवुड दिग्दर्शित ‘अनफर्गिव्हन’ (१९९२) मधील जुलमी शेरीफच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले होते, हेरॉड हे त्याच पात्राचे भडक रंगातले रूप वाटते. क्रो हे तेव्हा ऑस्ट्रेलियाबाहेर फारसे माहीत नव्हते आणि त्यांना घेण्याचा आग्रह स्टोन यांचाच होता. डिकॅप्रिओ यांना घ्यायला स्टुडिओ राजी नसल्याने त्यांचे मानधन आपण स्वतः दिले, असे स्टोन यांनी नंतर सांगितले आहे. मार्शलची लहानशी भूमिका गॅरी सिनीज यांनी केली आहे.

स्वागत : चित्रपट १० फेब्रुवारी १९९५ रोजी ट्रायस्टार पिक्चर्सने प्रदर्शित केला. निर्मितिखर्च सु. ३·२ ते ३·५ कोटी डॉलर सांगितला जातो. अमेरिकेतील उत्पन्न सु. १·८६ कोटी डॉलरच झाले. नव्वदच्या दशकाच्या आरंभी वेस्टर्नपटांची जी लाट आली होती, तिचा भर इतिहासाच्या पुनर्विचारावर आणि वास्तवदर्शनावर होता; तिच्यात हा खेळकर, कृत्रिमता न लपवणारा चित्रपट बसला नाही. अपयशाचा दोष रेमी यांनी स्वतःकडे घेतला आणि पुढील ‘अ सिंपल प्लॅन’ (१९९८) मध्ये त्यांनी कॅमेऱ्याची चलाखी जवळजवळ पूर्णपणे टाळली. एलन आणि कॉर्ट यांच्यातील प्रणयदृश्य अमेरिकेतील आवृत्तीतून वगळण्यात आले होते, इतर काही देशांतील आवृत्त्यांत ते राहिल्याचे सांगतात. घरगुती व्हिडिओ आणि दूरचित्रवाणीवरून पुढे चित्रपटाला चाहतावर्ग मिळाला. स्टोन यांच्या नायिकेविषयीच्या अलीकडच्या चर्चेचा रोख बहुतेक स्त्रीवादी आहे.