निकेल टाकीलाच चढू नये म्हणून

‘करंटच न्हाई म्हटल्यावर टाकीला एवढं काय लागतंय? पिंपात बुडवलं तरी चढंल की!’ इलेक्ट्रोलेस निकेलचा, म्हणजे विजेविना नुसत्या रसायनांनी चढवायच्या निकेलच्या मुलाम्याचा विषय निघाला, की कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरापासून शिरोली एमआयडीसीपर्यंत कुठे ना कुठे हे ऐकायला मिळतंच. विजेच्या मुलाम्याला लागणारं काहीच नाही: रेक्टिफायर नाही, अ‍ॅनोड नाही, बसबार नाही. मग उरली फक्त गरम पाण्याची टाकी, असा हा हिशेब. खरी अडचण त्यातच आहे. नेहमीच्या प्लेटिंगमध्ये करंट तोडला की निकेल चढायचं थांबतं. इथे तोडायला काही नाही. टाकीची भिंत, हीटर, पंप, तळाशी पडलेला एखादा नट, हे सगळे त्या द्रावणाच्या लेखी जॉबच, म्हणजे मुलामा द्यायच्या वस्तूच.

तरीही लोक या पद्धतीकडे वळतात, कारण विजेचा प्रवाह कोपऱ्यांवर गर्दी करतो आणि आतल्या भोकांत पोचत नाही. व्हॉल्व्हच्या बॉडीत, पंपाच्या इम्पेलरमध्ये, आपल्याकडच्या कास्टिंगच्या खाचाखोचांत सगळीकडे सारख्या जाडीचा थर हवा असेल, तर विजेविना चढणारं निकेलच उपयोगी. १९४६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये ब्रेनर आणि रिडेल हे नळ्यांच्या आतल्या बाजूला विजेने मुलामा देत होते. द्रावणात त्यांनी हायपोफॉस्फाइट हे फॉस्फरसचं संयुग मिसळलं, आणि मोजलेल्या विजेच्या हिशेबाने जेवढं निकेल यायला हवं, त्याहून जास्त आलं. नळीच्या बाहेरूनही आलं. निकेलच्या क्षारांवर हायपोफॉस्फाइटची क्रिया होते हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वुर्ट्झ यांनी १८४४ मध्येच पाहिलं होतं, पण त्यांच्या हाती भुकटी लागली. कारखान्यात वापरता येईल असा थर मिळायला शंभर वर्षं जावी लागली.

भुकटी आणि थर यांतला फरक समजला, की टाकी कशी असावी हे आपोआप कळतं. द्रावणात लिटरला साधारण ६ ग्रॅम निकेल आणि ३० ग्रॅमच्या आसपास सोडियम हायपोफॉस्फाइट असतं. पीएच ४.५ ते ५, तापमान ८५ ते ९० अंश. हायपोफॉस्फाइट इलेक्ट्रॉन द्यायला तयार, निकेलचे आयन घ्यायला तयार. मग व्यवहार जागच्या जागी का होत नाही? कारण हायपोफॉस्फाइटमधला फॉस्फरस-हायड्रोजन बंध तुटायला आधाराला पृष्ठभाग लागतो, आणि तोही निकेल, कोबाल्ट, पॅलॅडियम अशा मोजक्या धातूंचा. त्या पृष्ठभागावर बंध तुटतो, हायपोफॉस्फाइटचं फॉस्फाइट होतं, निकेलचे अणू जमतात, थोडा फॉस्फरस त्यांच्यात अडकतो आणि उरलेला हायड्रोजन बुडबुड्यांनी निघून जातो. नवा थर स्वतःच पुढच्या थराचा उत्प्रेरक. आजचं दही उद्याचं विरजण होतं, तसंच.

पहिलं विरजण कुठून येतं? लोखंड निकेलपेक्षा क्रियाशील असल्याने त्याचे काही अणू विरघळतात आणि त्यांच्या जागी निकेल बसतं. तांब्याला हे जमत नाही. तांब्याचा तुकडा या द्रावणात तसाच पडून राहतो. त्याला लोखंडी तारेचं टोक टेकवा, तारेकडून इलेक्ट्रॉन मिळून पहिला थर बसतो. मग तार काढून घेतली तरी काम चालू राहतं. रसायनशास्त्रात इतकं देखणं प्रात्यक्षिक मला तरी दुसरं माहीत नाही.

आता थोडा हिशेब. ५०० लिटरच्या टाकीत ३ किलो निकेल. लिटरमागे १ चौरस डेसिमीटर जॉब टांगले, तर एकूण ५ चौरस मीटर पृष्ठभाग झाला. तासाला १५ मायक्रॉन थर धरला तर सुमारे ६०० ग्रॅम मुलामा जातो, म्हणजे तासाभरात टाकीतल्या निकेलचा जवळजवळ पाचवा हिस्सा. म्हणून निकेलची भर सतत, थोडीथोडी आणि हीटरपासून लांब घालायची. दुसरीकडे, १ ग्रॅम निकेलचे १ मायक्रॉनचे कण केले तर त्यांचा पृष्ठभाग ०.६७ चौरस मीटर भरतो. म्हणजे असली फक्त साडेसात ग्रॅम भुकटी टाकीतल्या सगळ्या जॉबांएवढं निकेल ओढायला लागते. पृष्ठभाग वाढला की वेग वाढतो, वेग वाढला की आणखी कण, आणि थोड्याच वेळात सगळं द्रावण काळं!

हे थांबवायला शिसं किंवा बिस्मथासारखा स्थिरक अगदी थोडा, दशलक्ष भागांत एखादा भाग अशा मापाने घालतात. तो कणावर बसून त्याची वाढ रोखतो. मग जॉबवर का नाही? इथे भूमिती कामाला येते. बारीक कणाकडे द्रावणातले आयन चहूबाजूंनी येतात, सपाट पत्र्याकडे एकाच दिशेने. त्यामुळे दर चौरस मिलिमीटरमागे कणावर स्थिरक जास्त पोचतो. तोच जरा जास्त झाला, तर जॉबच्या धारदार कडाही कणासारख्या वागतात आणि कोऱ्या राहतात. कडा कोरी दिसली, की मी आधी स्थिरकावरच संशय घेईन.

काही ठिकाणी टाकीच्या पॅनलवर लिंबू-मिरची लटकलेली दिसते. बाथ, म्हणजे टाकीतलं द्रावण, ‘गेला’ तर नजर लागली म्हणायचं. शेजारच्या फाउंड्रीत शॉट ब्लास्टिंग (लोखंडी छर्रे मारून कास्टिंग साफ करणं) चालू असताना खिडकी उघडी असेल, तर लोखंडाची धूळ टाकीत पडते आणि वर सांगितल्याप्रमाणे तिचा प्रत्येक कण बीज ठरतो. लिंबापेक्षा खिडकी बंद करणं स्वस्त.

म्हणून टाकी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची: नैसर्गिक रंगाचा, भंगाराची भेसळ नसलेला, १२ मिलिमीटरच्या आसपास जाड शीट. आतून गुळगुळीत, ओरखडा म्हणजे कण बसायची जागा. नव्वद अंशांना हे प्लॅस्टिक नरम पडतं आणि पाण्याच्या भाराने भिंत फुगते, तेव्हा बाहेरून लोखंडी चौकट हवीच. दुसरा पर्याय ३१६ स्टेनलेसचा. त्या टाकीला धन टोक जोडून व्होल्टभराच्या आसपास विभव (व्होल्टेज) ठेवतात, म्हणजे भिंतीवरचा ऑक्साइडचा पापुद्रा टिकतो आणि त्यावर निकेल धरत नाही. प्रवाह वाढू लागला तर समजावं, भिंतीला निकेल धरतंय. मला ही युक्ती फार आवडते. पण वीज गेली की रखवालदारही गेला, त्यामुळे छोट्या कारखान्याला मी प्लॅस्टिकच सुचवेन.

प्लॅस्टिकलाही कधीतरी निकेल धरतंच. तेव्हा द्रावण दुसऱ्या टाकीत काढून पहिलीत ३० ते ५० टक्के नायट्रिक आम्ल भरून ठेवावं लागतं. तपकिरी विषारी धूर निघतो. नंतर इतकं धुवायचं की नायट्रेट उरता कामा नये, कारण ते प्लेटिंगच मंदावतं. एका टाकीवर धंदा होत नाही, तो यामुळे.

५०० लिटर पाणी ३० अंशांवरून ८८ वर न्यायला सुमारे ३४ युनिट वीज लागते, गळती सोडून. ती छोट्या तापट हीटरने घातली, तर त्याच्या अंगालगतचं द्रावण जास्त तापतं आणि निकेल तिथेच जमतं. म्हणून मोठ्या पृष्ठभागाचा, टेफ्लॉन चढवलेला हीटर, आणि ढवळायला खालून ब्लोअरची हवा. कॉम्प्रेसरची नको, तिच्यात तेल येतं. पातळी खाली गेली की हीटर बंद पाडणारा स्विच मात्र कितीही तंगी असली तरी वगळू नये. उघडा पडलेला हीटर पॉलिप्रॉपिलीनच्या टाकीला आग लावतो. १ मायक्रॉनच्या पिशवीतून तासाला दहा वेळा, म्हणजे ५००० लिटर द्रावण फिरवणारा पंप हवा, आणि वाफ व हायड्रोजन ओढून नेणारा एक्झॉस्ट.

टाकीतल्या निकेलएवढं निकेल साधारण पाच ते दहा वेळा वापरून पुन्हा भरून झालं, की फॉस्फाइट साचून द्रावण निकामी होतं. त्यातलं निकेल लॅक्टिक किंवा सायट्रिक आम्लाने धरून ठेवलेलं असतं, त्यामुळे नुसता चुना टाकून ते तळाशी बसत नाही. हे पाणी पंचगंगेकडे जाणाऱ्या नाल्यात सोडता येत नाही. त्यासाठी झाकणाची तिसरी टाकी आराखड्यात पहिल्या दिवसापासून दाखवावी लागते.